प्रश्न उद्भवत नाही

विधानसभेत प्रश्न विचारतो आमदार, पण तो लिहितं कचेरीतलं माणूस, हे लोकांना सांगून पटत नाही. आमच्या वैजनाथरावांचे प्रश्न मी लिहायची. शनिवार पेठेतल्या त्यांच्या कचेरीत अकरा वर्षं टाइपरायटरवर आणि नंतर कॉम्प्युटरवर. एका वर्षी सर्वांत जास्त प्रश्न विचारणारे आमदार म्हणून पेपरात त्यांचा फोटो आला, तेव्हा त्यांनी कचेरीत पेढे वाटले. सगळ्यांना एकेक, मला दोन.

तक्रार कसलीही असो, ती साच्यात बसवण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. अमुक झाले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? त्यानुसार कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? एवढ्यात अख्खा तालुका मावतो. लोक मात्र पणजोबांपासून सुरुवात करत. मी पेन खाली ठेवून म्हणायची, मुद्द्याचं सांगा. टेबलावर तशी पाटीच होती: 'थोडक्यात सांगावे. बाहेर इतरही दुःखी लोक बसले आहेत.' वैजनाथरावांना ती पाटी आवडत नसे, पण काढायला सांगण्याची त्यांची छाती नव्हती.

दसरा झाल्यावर द्वारकाबाई आल्या. सोलापूर रस्त्याच्या आत बोरमाळ म्हणून गाव आहे, तिथल्या बौद्ध वस्तीतल्या. साठीच्या, पांढरं लुगडं, पायात प्लॅस्टिकच्या चपला. बोरमाळची शंभर एकर जमीन सरकारने आयटी पार्कसाठी घेतली होती. पेपरवाले तेव्हा आयटीच्या नावाने नुसते नाचत होते, आणि खोटं कशाला बोलू, माझा भाचा अमेरिकेला गेल्यापासून मीही नाचत होते. तर त्या जमिनीत यांच्या वस्तीची माणसं पुरायची जागा गेली होती. भोवती भिंत उठली होती. इमारतीच्या पायासाठी खोदाई त्याच कोपऱ्यातून सुरू होणार होती. चार वर्षांपूर्वी गेलेले त्यांचे मालक तिथेच लिंबाखाली होते. खोदाई थांबवा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"माझ्या सासऱ्याच्या आज्याच्या वक्ताला, बाई, गावच्या पाटलानं," अशी त्यांनी सुरुवात केली. मी पाटीकडे बोट केलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवली. मग त्या मी विचारलं तेवढंच बोलल्या.

पाच मिनिटांत प्रश्न तयार झाला. मागच्या वर्षी दुसऱ्या एका गावाच्या स्मशानभूमीचा प्रश्न केला होता, तोच काढला आणि गावाचं नाव बदललं. 'मौजे बोरमाळ येथील स्मशानभूमी आयटी पार्कसाठी ताब्यात घेण्यात आली, हे खरे आहे काय?' वैजनाथरावांनी वाचून सही केली. सुरेख झालाय, म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं.

नागपूरच्या अधिवेशनात प्रश्न लागला. यादीत आपलं गाव आलं की साहेबलोकांची कशी धावपळ उडते, ते मी पुष्कळदा पाहिलंय. विधानसभेत उत्तर जाईपर्यंत जागेला हात लावू नका, असा ठेकेदाराला तोंडी निरोप गेला. काम थांबलं. द्वारकाबाई वस्तीतल्या दोघींना घेऊन आल्या, माझ्या टेबलावर हरभऱ्याची भाजी ठेवली आणि लगेच निघाल्या. थोडक्यात. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी, ते आज सांगायची लाज वाटते.

उत्तराच्या दिवशी दुपारी वैजनाथरावांचा नागपूरहून फोन आला. मंत्र्यांनी उत्तर वाचलं होतं. हे खरे नाही. पुढच्या तिन्ही भागांना मिळून एकच उत्तर, प्रश्न उद्भवत नाही. सातबाऱ्यावर ती जागा गायरान होती, गुरं चारायची. स्मशानभूमी अशी नोंद बोरमाळच्या त्या शंभर एकरांत कुठेच नव्हती. म्हणजे मंत्री खोटं बोलले नव्हते. विचारलं होतं तेवढ्याचं उत्तर दिलं होतं. वैजनाथराव सोडणाऱ्यांतले नव्हते. मग तिथे पुरलेल्या माणसांचं काय, असा उपप्रश्न त्यांनी टाकला. अभिलेखात नोंद नाही, असं म्हणून मंत्री खाली बसले आणि अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला.

"वासंतीबाई, सातबारा बघितला होतात ना?" वैजनाथरावांनी विचारलं.

मी नाही म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. बरं, ठेवतो, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून खोदाई सुरू झाली. नुसती सुरू झाली नाही, आता तिला विधानसभेतल्या उत्तराचा आधार मिळाला होता. त्या छापील पानाची झेरॉक्स ठेकेदाराने गेटवरच्या चौकीत चिकटवली. वस्तीतली माणसं अडवायला गेली की वॉचमन त्याकडे बोट दाखवायचा. मी प्रश्न केलाच नसता तर निदान हे पान तरी तिथे लागलं नसतं. दुखणं परवडलं, पण औषध नको, अशी गत मी त्यांची करून ठेवली.

संक्रांतीनंतर द्वारकाबाई पुन्हा आल्या. हातात ती झेरॉक्स होती, चौकीवरून सोलून काढलेली. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि लिंब पाडल्याचं सांगितलं. माती ट्रकने कुठे नेली, ते कोणी सांगत नव्हतं.

ती जागा कागदावर गायरान होती, हे तुम्हाला माहीत होतं का, असं मी विचारलं.

"समद्या वस्तीला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "गावच्या मसणवट्यात आमची मढी घेत न्हवते. तवा पाटलानं सासऱ्याच्या आज्याला गायरानाचा कोपरा दावला. नुसता बोटानं. कागुद कुठला आमाला? त्या दिशी त्येच सांगत व्हते की, बाई. तुमी म्हनला, मुद्द्याचं सांगा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तोंड वर करवेना. मार्चच्या अधिवेशनात गट नंबर घालून पुन्हा नीट विचारू, असं काहीतरी मी बोलले. मार्चपर्यंत तिथे तळघराचा स्लॅब पडणार होता, हे दोघींनाही माहीत होतं.

"त्ये इचारा न्हाईतर नका इचारू," त्या म्हणाल्या. "माजं एक इचारा. तितं मसणवटा न्हवता म्हनं. मंग माज्या मालकाला म्या कुटं पुरला?"

एकट्या माणसाच्या घरचा असा प्रश्न सभागृहात स्वीकारत नाहीत. तो पहिल्याच टेबलावरून परत येतो. नियम मला पाठ आहे आणि मी तो त्यांना सांगितला. त्यांनी मान हलवली, पण उठल्या नाहीत.

मी पाटी उचलून ड्रॉवरमध्ये टाकली, वही काढली आणि म्हणाले, सासऱ्यांच्या आजोबांपासून सांगा. त्या दिवेलागणीपर्यंत सांगत होत्या. कोण, कुठल्या साली, लिंबापासून किती पावलांवर. बाहेरचे लोक कंटाळून निघून गेले. वैजनाथराव दोनदा दारात येऊन परत फिरले. एकतीस माणसं झाली, तान्ह्या मुलांसकट.

मग त्या थांबल्या. एक नाव राहिलं होतं. अर्जदाराचे पती, एवढं लिहून माझं काम दसऱ्याला भागलं होतं, मी नाव विचारलंच नव्हतं. आता विचारलं. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, म्हणून त्या जरा अडखळल्या, पदर सारखा केला.

"मच्छिंद्र," त्या म्हणाल्या. "ल्ह्या."