खोलीचा आवाज

थोरला भाऊ कॅमेऱ्यामागचा माणूस. म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्यांच्याच खोलीत बसवून बोलतं करायचं आणि ते चित्रित करून ठेवायचं, हा त्याचा धंदा. धाकटा घरी बसून त्याची कापाकापी आणि जोडाजोडी करायचा. थोरला गेला तेव्हा मागे हार्डडिस्कांनी भरलेलं एक कपाट उरलं. त्यात शेकडो चेहरे होते, त्याचा स्वतःचा एकही नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्याची एक रीत होती. मुलाखत संपली, माणूस खुर्चीवरून उठला, तरी तो कॅमेरा बंद करत नसे. "जिथल्या तिथे," म्हणायचा, आणि घरातली माणसं हातातलं काम हातात धरून थिजायची. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. ती नोंदवून ठेवली की पुढे वाक्यं कापताना सांध्यांत भरता येते. देवापुढे घंटेचा नाद विरेपर्यंत उभं राहावं तसा तो उभा असे. मग म्हणायचा, "झालं. हला आता."

या रिकाम्या खुर्च्यांचं त्याने वेगळं फोल्डर केलं होतं. तो गेल्यापासून वहिनी रोज दुपारी धाकट्याच्या खोलीत येत, हेडफोन कानाला लावत आणि तेच उघडून बसत. फाइली अवाढव्य, मशीन जुनं. चित्रातला खिडकीचा पडदा अर्धवट हलून अडकायचा, मग झटका खाऊन पुढे जायचा. खुर्चीत कुणी नसायचं. वहिनी मात्र कुणी काही सांगत असल्यासारख्या हळूच मान हलवायच्या.

धाकट्याला त्या खुर्च्यांची धास्ती बसली. पाठ वळवली की वाटायचं, आता बसलंय कुणीतरी. वळून पाहावं तर खुर्ची रिकामी आणि पडदा अडकलेला. त्याने बहिणीला फोन केला. ताईचं म्हणणं पडलं, की वहिनी अशी गेलेल्याच्या खुर्च्या राखत बसली तर जितं घर कोण राखणार? तिला माणसांत आण.

त्यातच नवं काम आलं आणि डिस्कमध्ये तीळ ठेवायला जागा नव्हती. धाकट्याने रिकाम्या खोल्या पुसून टाकल्या. खोलीची शांतता वेगळ्या रेकॉर्डरवर टिपलेली होतीच. कॅमेऱ्यातल्या माइकवर आलेला आवाज या धंद्यात कुणी ऐकत नाही; रेकॉर्डरचा आवाज चित्राशी जुळला की तो बंदच करतात. त्यानेही कधी ऐकला नव्हता. शिवाय वहिनी यातून सुटतील, असंही त्याच्या मनात होतं. हे फोल्डर घरातल्या ज्या दोन डिस्कांवर होतं, त्या त्यानेच जुळ्या करून ठेवल्या होत्या. एकीवर जे होईल ते दुसरीवर आपोआप. त्यामुळे दुसरीवरूनही त्या खोल्या गेल्या आणि त्यांच्या जागी नवं काम बसलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी आल्या. बराच वेळ काही उघडेना, तेव्हा त्यांनी विचारलं, आणि त्याने खरं ते सांगितलं. त्यात काही नव्हतं, रेकॉर्डरचा आवाज आहे की, म्हणाला आणि तो लावूनही दाखवला. दूरची रहदारी, पंख्याची घरघर. वहिनींनी ऐकून घेतलं.

"भाऊजी, हा खुर्चीजवळचा आवाज. हे कॅमेऱ्याजवळ उभे असायचे. त्यात ह्यांचा श्वास होता."

धाकटा खाली बसला. थोरल्याच्या नाकात श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची. वडिलांच्याही वाजायची, धाकट्याच्याही वाजते. ताई त्याला घराण्याची सनई म्हणायची. थोरल्याची सनई फक्त त्या खोल्यांत उरली होती.

वहिनी रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. तेच त्याला सोसवेना. मग एकदम आठवलं. थोरला या खोल्यांची तिसरी प्रत घराबाहेर ठेवत असे. सगळे देव एकाच देव्हाऱ्यात ठेवू नयेत, म्हणायचा.

ताईच्या कपाटात लोकरीच्या कपड्यांखाली, जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेली ती डिस्क निघाली. "हात लावू नकोस म्हणाला होता, नाही लावला," ताई म्हणाली. "जन्मात त्याचं एवढं एकच ऐकलं बघ." हसता हसता तिने डोळे पुसले.

कित्येक वर्षं न फिरलेली डिस्क. जोडली तशी आतून टक, टक असा आवाज येऊ लागला, दार आतून कुणी बोटाने वाजवावं तसा. हा आवाज धाकट्याला ठाऊक होता. मरायला टेकलेली डिस्क अशीच बोलते. त्याने वहिनींना समजावलं: हिच्यावरून थेट बघायचं नाही, आधी उतरवून घ्यायचं. पण फाइली मोठ्या आणि हिच्यात जीव थोडा. कदाचित एकच निघेल. कुठली काढू?

"आपल्या घरातली," वहिनी म्हणाल्या.

सासूबाईंची मुलाखत याच खोलीत झाली होती. धाकटा देवाचं नाव घेत पुढे सरकणारी पट्टी बघत राहिला. शेवटाजवळ पट्टी अडली. टकटक वाढली, आणि थांबली. डिस्क गेली. फाइल उतरली होती, पण शेपटाशिवाय.

त्याने हेडफोन काढून स्पीकर जोडला आणि आवाज पूर्ण वाढवला. वहिनी कपबशी विसळता विसळता ती हातात घेऊनच आल्या होत्या.

पडद्यावर हीच खोली. हीच खिडकी, हीच खुर्ची, तेव्हा आईची, आता रिकामी. खोलीत खोली उघडल्यासारखं झालं. थोरल्याचा आवाज आला, "जिथल्या तिथे." वहिनी होत्या तिथे थिजल्या. धाकटाही हलला नाही. आणि मग, अगदी कानाशी, तो श्वास. बारीक शिट्टी, थांबून पुन्हा शिट्टी. मागे वळलो तर उभा असेल, असं धाकट्याला वाटलं आणि तो वळला नाही.

चित्रातला पडदा अर्धा फुगला आणि तसाच राहिला. फाइल संपली होती. "झालं" आलंच नाही. ते त्या मेलेल्या डिस्कमध्ये राहिलं होतं.

तरी शिट्टी चालूच होती. धाकट्याच्या अंगावर काटा आला.

"अजून आहेत," वहिनी कुजबुजल्या. कप बशीत किणकिणू नये म्हणून त्यांनी तो बोटांनी धरून ठेवला होता.

मग धाकट्याला कळलं. ती त्याची स्वतःची सनई होती. त्याला श्वास रोखावासा वाटला आणि रोखवेनाही. तसाच तो श्वास घेत राहिला, सावकाश, थोरला घ्यायचा तसा. उजेड उतरू लागला, तरी वहिनी हलेनात. कोणी सांगितल्याशिवाय त्या हलणारच नव्हत्या. कीर्तनकाराने धृपद अर्ध्यावर सोडलं की ते ऐकणाऱ्यांनाच पुरं करावं लागतं.

"झालं," तो म्हणाला. आवाज थेट थोरल्याचा निघाला. तो स्वतःच दचकला. "हला आता, वहिनी."

वहिनींनी कपबशी टेबलावर ठेवली. कप किणकिणला.

"ह्यांनी मला कधी वहिनी म्हटलं नव्हतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्या हसल्या, आणि मग पदराने तोंड झाकून घेतलं.

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. धाकट्याने आधी त्या फाइलीच्या तीन प्रती केल्या आणि मग ती लावली.