दादाच्या शर्टाचं रफू

बाबांच्या रफूला तोड नाही, हे सगळा बाजार सांगेल. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून धागे ओढायचे आणि त्याच धाग्यांनी भोक विणून काढायचं, ही त्यांची पद्धत. गिऱ्हाईक कपडा उलटसुलट करून विचारतं, "मामा, फाटलं होतं कुठे?" आणि बाबा मिशीतल्या मिशीत हसतात. दादा चिडवायचा, "एवढं चांगलं करू नका हो, लोक म्हणतील कामच केलं नाही."

मतमोजणी मध्येच थांबवली आणि हरणारे एकाएकी जिंकले, तेव्हा दादा चौकात गेला. मी नको म्हणत होते. "मतं नीट मोजा, एवढंच तर सांगायचंय," म्हणाला आणि चपला घालून निघाला. तिथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकार म्हणतं, गोळी सुटलीच नाही. पळताना तो म्हणे कुंपणाच्या गजावर पडला. अंत्यसंस्कारही त्यांनीच परस्पर उरकले, आम्हाला तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. मेल्यांना एवढीही लाज नव्हती. दवाखान्यातल्या एका मावशींनी तेवढा त्याचा शर्ट पिशवीत घालून गुपचूप माझ्या हातात दिला. पाठीवर मधोमध भोक होतं, कडा जळालेल्या.

शर्ट कपाटात ठेवून मी वकील शोधत हिंडले. आमचं नाव काढलं की जो तो हात वर करायचा. शेवटी एक वकीलबाई तयार झाल्या. "पाठीत गोळी मारली, हे तो शर्टच सांगेल," त्या म्हणाल्या. "जिवापाड जपा. दुसरं काहीच नाही आपल्याकडे."

मी धावतपळत घरी आले. बाबा खिडकीपाशी बसले होते आणि दादाचा शर्ट त्यांच्या मांडीवर होता. धुतलेला, इस्त्री केलेला.

"बघ," ते म्हणाले. "आपल्या घरातलं पोर, त्याचा कपडा फाटका कसा ठेवायचा?"

मी किंचाळलेच. "बाबा, हे काय करून बसलात!"

त्यांना आधी कळेचना. मी वकीलबाईंचं बोलणं सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "उसवू का गं?" त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच पुटपुटले, "जळके धागे तर मी कापून टाकले."

त्यानंतर मी त्यांच्याशी धड बोलले नाही. गोळी झाडणारा हाती लागत नव्हता आणि बाबा समोर होते, म्हणून सगळा राग त्यांच्यावर निघाला. अजून ते आठवलं की जीव तुटतो.

वकीलबाईंनी लावून घेतलेल्या चौकशीला बाबा तो शर्ट घेऊन आलेच. चौकशी अधिकाऱ्यांनी तो उजेडात धरला. सरकारी वकील हसला, "शर्ट तर धडधाकट आहे की!"

"गोळी कुठे लागली म्हणता?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

बाबा उठले आणि त्यांनी न शोधता शर्टाच्या पाठीवर बोट ठेवलं. "इथे."

अधिकाऱ्यांनी तिथून बोट फिरवलं, भिंग मागवून पाहिलं. खोटं कशाला बोलू, माणूस मन लावून बघत होता. "मला तर काहीच दिसत नाही," ते म्हणाले.

हे वाक्य ऐकायला बाबा जन्मभर राबले. त्या दिवशी ते हसले नाहीत.

"दिसणार नाही, साहेब," ते म्हणाले. "पोराचा होता ना, जरा जास्तच जीव ओतून केलं."