शेवटची अकरा पाने

मी एका कादंबरीमालेचा जुना पहिला भाग आहे, मित्रांनो, आणि मी संतापलेलो आहे. माझ्या पाठीवर चार भाग आले. त्यातल्या शेंडेफळाने घराण्याचे नाक कापले.

माझ्यात एक नदीकन्या आहे. तिच्या नावाड्याला पाताळात ओढून नेतात, तेव्हा माझ्या शेवटच्या पानावर ती म्हणते, "मी तुला घेऊनच येईन." या एका वाक्यासाठी वाचनालयातले लोक नऊ वर्षे थांबले. मला घरी न्यायला नंबर लागत. समोरच्या दुकानातल्या शिंपीणकाकूंनी तर मला सात वेळा नेले. शिलाई यंत्राच्या फळीवर मला उघडे ठेवून त्या बॉबिन भरता भरता वाचत. माझी पाने सुटू लागली तेव्हा त्यांनीच मला जाड दोऱ्याने शिवले.

मग पाचवा भाग आला. गुळगुळीत, सोनेरी अक्षरांचा, दिसायला राजबिंडा. काकूंनी तो दोन दिवसांत संपवला आणि ग्रंथपालबाईंच्या टेबलावर आपटला.

"पाच भाग पायपीट हिने केली. पाताळाच्या दारात पोचली, तर कुठला तरी देव उपटतो, हिची चांदणी करतो, आणि तो नावाडी राजा होऊन दुसरीशी लग्न करतो. अकरा पानांत उरकलंय सगळं. लिहिणाऱ्याची गाडी सुटत होती का?"

"सगळेच चिडलेत," बाई म्हणाल्या. "आता पहिला भागही कोणी नेत नाही. शेवट असा, तर सुरुवात कशाला वाचायची, म्हणतात. सोमवारी पाचही रद्दीत जाणार."

चोराबरोबर संन्याशालाही फाशी! माझ्या तर एका ओळीतही कुणी घाई केलेली नाही.

"शिवण चुकली म्हणून मी कापड टाकत नाही," काकू म्हणाल्या आणि पाचवा भाग पुन्हा घेऊन गेल्या.

सोमवारी सकाळी तो परत आला. शेवटची अकरा पाने तिन्ही बाजूंनी लाल दोऱ्याने शिवून बंद केलेली होती. आता गोष्ट थांबते तेव्हा नदीकन्या पाताळाच्या दारात उभी असते आणि तिचा हात कडीवर असतो. बाईंनी ते टाके बराच वेळ पाहिले. मग आम्हा पाचही जणांना पुन्हा कपाटात लावले. त्याच आठवड्यात मला दोघींनी नेले.

मित्रांनो, म्हाताऱ्या पुस्तकाने शेवटी सांगायचे असते, की पाने फाडू नका, दुमडू नका, शिवू नका. पहिल्या दोन गोष्टी मी सांगतो. तिसरी माझ्या तोंडून यायची नाही. पहिल्या पुस्तकात शब्द दिला असेल, तर तो शेवटच्या पुस्तकात पाळावा, एवढेच माझे म्हणणे आहे. माझा राग अजून गेलेला नाही. ते शेंडेफळ त्याच फळीवर उभे असते आणि मी त्याला रोज ऐकवतो, "तुझे तोंड शिवले, म्हणून आपण रद्दीतून सुटलो."