वरचे तीन मजले

मुलांनो, असं समजा की दोरीला बांधलेल्या एका लाकडी फळीवर तुम्ही बसला आहात. पाय लोंबताहेत. खाली चार मजल्यांची नुसती हवा, आणि नाकासमोर वीतभर अंतरावर दगड. मुळात पांढरा, पण गाड्यांच्या धुराने राखाडी झालेला. कमरेला पाण्याची बादली अडकवली आहे आणि हातात मऊ केसांचा ब्रश आहे. खाली बघू नका, दगडाकडे बघा. जरा वेळाने त्यात बारीक शिंपले दिसू लागतील, कधीकाळी समुद्रात होते ते. मग केसाएवढी एक पिवळी शीर दिसेल. ते दगडातलं लोखंड. ते झोपलेलं आहे, त्याला उठवायचं नाही.

"अबू उस्बूअ, झालं का रे?"

खालून हाक मारणारा हाजी वहीब. आमच्या इमारतीतल्या रहिवाशांचा म्होरक्या, दुसऱ्या मजल्यावर राहणारा. आणि फळीवर बसलेला माणूस सुलैमान. पण अम्मानमध्ये माणसाला मूल झालं की त्याचं स्वतःचं नाव मागे पडतं, म्हणून तो अबू जुमाना, जुमानाचा बाप. गल्लीने त्याला आणखी एक नाव चिकटवलं होतं. अबू उस्बूअ म्हणजे आठवड्याचा बाप. कारण कुठलीही इमारत धुण्याआधी तो मागच्या बाजूला तळहाताएवढा तुकडा धुवायचा आणि आठवडाभर रोज येऊन त्याच्याकडे बघायचा. दगडाने मान डोलावली तरच पुढचं काम.

"आठवड्याने सांगतो, हाजी," तो वरून म्हणाला.

"आठवड्याने? शुक्रवारी माझ्याकडे जाहा येतेय. मुलाकडची साठ माणसं माझ्या पोरीला मागणी घालायला दारात उभी राहतील. त्यांना काय सांगू, आठवड्याने या?"

वरच्या गॅलरीत कोणीतरी फिसकन हसलं.

"भिंत तीस वर्षं मळतेय. तिला दहा दिवस तरी द्या. पाणी, ब्रश, परत पाणी. दुसरं काही नाही."

"पिवळ्या पिकअपवाली पोरं दोन दिवसांत करतात. तेही निम्म्या पैशांत."

"आगपाण्याने."

ॲसिडला आम्ही आगपाणी म्हणतो.

"मग? पांढरं होतं की नाही?"

"होतं की," अबू जुमाना म्हणाला. "हिवाळ्यापर्यंत."

हाजीने हात झटकला आणि तो आत गेला.

त्या वर्षी हे असंच चाललं होतं. आधी दवाखान्याची इमारत गेली, मग इंजिनीयरची, मग सर्कलजवळचं हॉटेल. प्रत्येक ठिकाणी पिवळी पिकअप आदल्या दिवशी येऊन गेलेली असायची. अबू जुमानाच्या हाताखाली तीन माणसं होती, ती एकेक करून गेली. त्यांतला एक तर आता तीच पिकअप चालवायचा आणि रस्त्यात दिसला की लाजून हॉर्न वाजवायचा. हाती दोनच कामं उरली होती, आमची इमारत आणि जुमानाच्या शाळेची भिंत.

जुमाना तेव्हा अकरा वर्षांची होती. दुपारी माझ्याकडे अपूर्णांक शिकायला यायची. मी तेव्हा नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो आणि अपूर्णांक शिकवायला कोणी मिळालं की माझा दिवस चांगला जायचा. आम्ही गच्चीवर बसायचो. काम आटोपलं की तिचा बापही चहाला यायचा. आमच्या गच्चीवरून दरी दिसते आणि दरीपलीकडे समोरचा डोंगर, घरांवर घरं रचलेला. पाहुणा आला की आपण त्याला दरीकडे तोंड करून बसवतो. अबू जुमाना मात्र खुर्ची फिरवून पाण्याच्या टाक्यांकडे तोंड करून बसायचा.

जुमानाने त्या दिवशी विचारलंच. "बाबा, तुम्ही तिकडे कधीच का बघत नाही?"

त्याने बराच वेळ चहात साखर ढवळली. मग मागे न बघताच खांद्यावरून बोट केलं. "मशिदीच्या मनोऱ्याखाली तिसरं घर. पत्र्याच्या दाराचं. दिसलं?"

"पिवळी भिंत?"

"ती माझी."

तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, एका ठेकेदाराकडे कामाला. घर उम्म सालिह नावाच्या विधवेचं. ठेकेदाराने हातात कॅन दिला आणि सांगितलं, ओत. दुपारपर्यंत भिंत अशी चमकली की बाईने आनंदाने टाळ्या वाजवल्या आणि द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात स्वतःच्या हाताने याच्या तोंडात घातला. हिवाळ्यात पाऊस लागला आणि दगडातलं लोखंड जागं झालं. जिथे जिथे आगपाणी ओघळलं होतं तिथे तिथे पिवळं फुटलं. बाईला वाटलं, वरचा मळ आहे. ती दर गुरुवारी साबण घेऊन भिंत घासायची. हा दरीच्या अलीकडून बघायचा. आठ वर्षं बघितलं, पण दरी उतरून गेला नाही. मग एका गुरुवारी ती दिसली नाही, आणि त्यानंतर दिसलीच नाही.

"भिंत कोरडी असली की नुसते डाग दिसतात," तो म्हणाला. "ओली झाली की त्यात माणूस दिसतो. हात वर करून उभा असलेला."

जुमानाने डोळे बारीक केले. "कोण आहे तो?"

"वर केलेला हात बघ पावसात कधी. डावा आहे."

असं म्हणून त्याने चहाचा पेला खाली ठेवला. डाव्या हाताने. तो सगळंच डाव्या हाताने करायचा.

जुमानाने वही उघडली आणि गणित सोडवायला घेतलं. ते चुकलं, पण मी तिला तसं सांगितलं नाही.

मंगळवारी हाजी वहीबने आम्हा चार रहिवाशांना घरी बोलावलं. अबू जुमानालाही बोलावलं, कारण नकार तोंडावर द्यावा इतका हाजी सभ्य होता. वेलदोड्याची कडू कॉफी आली. आम्ही प्यायलो. अबू जुमानाने कप हातात घेतला, ओठांपर्यंत नेला नाही आणि तसाच समोरच्या मेजावर ठेवला.

आमच्याकडे याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. जाहा येते तेव्हा सर्वांत वडीलधारा माणूस असाच कप खाली ठेवतो. मी काही मागायला आलो आहे, ते मिळाल्याशिवाय तुझ्या घरची कॉफी पिणार नाही. यजमान म्हणाला, कॉफी प्या, की मागणं मंजूर. त्यानंतर मागे फिरायचं नसतं.

"हाजी," अबू जुमाना म्हणाला, "काम मला देऊ नका. कोणालाही द्या. तुमच्या पोरीचं लग्न झाल्यावर द्या. पण या दगडाला आगपाणी लावू नका. एवढंच मागायला आलोय."

हाजीच्या मुलीने तेवढ्यात आतून हाक मारली होती, खुर्च्या भाड्याने आणणारा माणूस जिन्यात उभा होता, आणि हाजीचं अर्धं लक्ष तिकडे. उठता उठता तो म्हणाला, "हो हो, बघू या. कॉफी पी बाबा, निवतेय."

अबू जुमानाने डोळे मिटले. कप उचलला आणि एका घोटात प्यायला. मग उठून हाजीच्या खांद्याचं चुंबन घेतलं. हाजी जरासा गोंधळला, पण हसला.

मला कळलं होतं की एकाने मागणं मागितलं आणि दुसऱ्याने फक्त गार होणारी कॉफी बघितली. मी तिथेच बसलो होतो. बोलायला हवं होतं. मला वाटलं, हाजीला मागाहून उमगेल.

बुधवारी सकाळी दारात पिवळी पिकअप उभी राहिली.

अबू जुमाना धावत आला तोपर्यंत पोरं गच्चीवरून दोऱ्या सोडत होती. तो हाजीपाशी गेला. "तुम्ही कॉफी प्यायला सांगितलीत."

"मग? कॉफी प्यायला सांगणं गुन्हा आहे?"

"मी कप खाली ठेवला होता."

हाजीने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. त्याचा चेहरा उतरला. पण भिंतीवर फेस उसळायला लागला होता आणि त्यातून पांढरा दगड निघत होता, दुधासारखा. "अरे, ते सोयरिकीला असतं," तो पुटपुटला. "भिंतीला कोणी जाहा आणतं का?"

पिकअपवरची पोरं हसली.

गुरुवारी दुपारी त्यांचं काम संपलं. त्यांनी कॅन गोळा केले, खाली पायरीवर एक बादली मारली आणि गेली. भिंत त्यांनी धुतली नाही. आगपाणी दगडावरून पुसलं जात नाही, दगड ते आत पितो. भरपूर पाणी मारून बाहेर काढावं लागतं.

तासाभराने खडखड ऐकू आली म्हणून मी गच्चीवर गेलो. अबू जुमानाने आपली फळी टांगली होती आणि आमच्या टाक्यांना रबरी नळी जोडून तो भिंत धूत होता, वरून खाली. जुमाना शाळेच्या कपड्यांतच टाकीपाशी उभी राहून नळीला पीळ पडू देत नव्हती. "पाचवा झाला, बाबा," ती ओरडून सांगायची. मग, "चौथा झाला."

आता तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं. आमचं शनिवारी येतं. आणि दुसऱ्या दिवशी घरी साठ पाहुणे. तिसरा मजला होईतो बायका गॅलरीत आल्या होत्या.

"भांडी कशाने घासू, तुझ्या घामाने?"

"वेड लागलंय याला. पैसेसुद्धा मिळणार नाहीत."

हाजी धापा टाकत गच्चीवर आला. "बंद कर. तुला कोणी सांगितलं हे?"

"कोणी नाही," खालून आवाज आला. "दोनच मजले राहिलेत, हाजी. मधेच सोडता येत नाही. वरचं धुतलेलं आगपाणी सगळं खाली उतरलंय. खालपर्यंत नेऊ द्या."

"आणि उद्या माणसांच्या हातांवर काय घालू?"

हाजीने टाकीची चावी फिरवली. नळी दोनदा खोकली आणि लुळी पडली. मी वाकून बघितलं. तो फळीवर तसाच बसला होता, डावा तळहात ओल्या दगडावर टेकवून, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. मग चढून वर आला. नळीची वेटोळी करून ती खांद्यावर घेतली आणि मुलीला म्हणाला, "चल, घरी."

जाहा थाटात झाली. पाहुणे भिंतीची तारीफ करत आत आले आणि मुलगी दिली गेली.

जानेवारीत आठ दिवस पाऊस लागला. तो थांबला तेव्हा आमच्या खालच्या दोन मजल्यांवर पिवळं फुटलं होतं, दारापासून हाजीच्या खिडकीच्या वरपर्यंत. लोकांनी पिकअपवाल्यांना बोलावलं. ते म्हणाले, आम्ही पांढरी भिंत देऊन गेलो होतो, साठ माणसांनी बघितली. आमच्यानंतर दोरीवर कोण लटकलं होतं, त्याला विचारा.

कोणीच विचारलं नाही. त्या दुपारी त्याला भिंतीवर सगळ्यांनी पाहिलं होतं, तेवढं पुरे झालं. काम गेलं म्हणून त्याने राग काढला, काहीतरी ओतलं, असं किराणावाला म्हणाला, मग न्हावी म्हणाला, मग सगळी गल्ली म्हणू लागली. पंधरा दिवसांत शाळेचा निरोप आला की भिंतीचं काम दुसरीकडे दिलं आहे.

मी त्याच्या घरी गेलो. तो दोरीचे पेड तपासत बसला होता.

"तू सांगत का नाहीस लोकांना? मी येतो तुझ्याबरोबर. हाजीही आता नाही म्हणणार नाही."

"काय सांगू, उस्ताद? खालचं थोडं आगपाणी माझ्याही पाण्याने उतरलंय."

"पाणी त्याने बंद केलं."

त्याने दोरी बाजूला ठेवली. "तिकडची ती भिंत बत्तीस वर्षं उभी आहे. तिच्यापुढे एकदाही कोणी माझं नाव घेतलं नाही. उम्म सालिहनेसुद्धा नाही. मी वाट बघत होतो कोणीतरी घेईल म्हणून. आता घेतलंय, भिंत तेवढी चुकली. घेऊ द्या."

जुमाना दाराशी उभी राहून ऐकत होती. माझ्याकडे बघून ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीत होतो. आमच्या दारासमोर तिळाच्या पावाची हातगाडी लागते. तिच्याभोवती पाचसहा माणसं होती, हाजी वहीबही होता. जुमाना दप्तर घेऊन माझ्याकडे यायला निघाली होती. पाववाला तिला म्हणाला, "काय गं, तुझ्या बापाने रंगवलेली भिंत बघायला आलीस?"

माणसं हसली. हाजी हसला नाही, पण बोललाही नाही.

मला वाटलं, ती रडेल किंवा पळेल. मी जिन्याकडे निघालोसुद्धा. पण ती हातगाडीला वळसा घालून रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेली, वळली, दप्तर पायांशी ठेवलं आणि मान वर केली. पिवळ्या मजल्यांकडे तिने बघितलंच नाही. ती वर बघत होती, पांढऱ्याच राहिलेल्या तिसऱ्याकडे, चौथ्याकडे, पाचव्याकडे. टोपी पडेल इतकी मान मागे टाकून.

भर रस्त्यात कोणी असं वर बघत उभं राहिलं की दुसऱ्याला राहवत नाही. आधी पाववाल्याने डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. मग बाकीच्यांनी. हाजी वहीब सगळ्यांत शेवटी रस्ता ओलांडून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्यानेही मान वर केली.

जुमाना तशीच उभी राहिली, सगळ्यांचं नीट बघून होईपर्यंत. मग तिने दप्तर उचललं आणि ती अपूर्णांक शिकायला जिना चढून वर आली.