रोमेडच्या अंगठ्याचा खड्डा

रोमेड वारल्यावर त्याची बायको नोटबुर्गा त्याचे स्कीचे बूट घेऊन कासियान बूटवाल्याकडे आली. नवराबायकोचा नंबर एकच होता, पाय मात्र निराळे. टिरोलमधल्या आमच्या गावात कोणाचा अंगठा कुठे वळतो, हे कासियानला पाठ.

“अस्तर तापवून तुझ्या पायावर बसवतो,” तो म्हणाला. “पण मग रोमेडच्या अंगठ्याचा हा खड्डा बुजेल.”

तिने बुटात हात घालून खड्डा चाचपला. “दोन मोजे घालून नाही भागणार?”

“भागेल की! पहिल्याच उतारावर रडशील. लोकांना वाटेल, नवऱ्यासाठी रडतेय.”

ती हसली. मग हात तसाच आत ठेवून बराच वेळ बसून राहिली.

“तापव,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती लिफ्टच्या शेवटच्या फेरीपर्यंत डोंगरावर स्की करत होती. पायांची एकदाही आठवण झाली नाही. रोमेडची मात्र दिवसभर झाली.