शंभरच्या आत

कुंदाताईंच्या तिसऱ्या केमोनंतर डॉक्टरांनी विद्याधररावांना बजावलं होतं, "ताप शंभरच्या वर गेला, की विचार करत बसू नका. थेट घेऊन या." घरातला काचेचा थर्मामीटर नेमका फुटलेला. कांदिवलीला राहणाऱ्या मुलीनं, सईनं, नवा डिजिटल ऑनलाइन मागवून मुलुंडला पाठवला.

रविवारी दुपारी कुंदाताईंना हुडहुडी भरली. विद्याधररावांनी थर्मामीटर लावला आणि खिडकीशी नेऊन डोळ्यांजवळ धरला. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बायकोच्या आजारपणात राहूनच गेलं होतं.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. नॉर्मल आहे."

"मग झालं तर," म्हणत कुंदाताईंनी पांघरूण ओढून घेतलं.

संध्याकाळी नव्व्याण्णव दिसला. झोपायच्या आधी साडेनव्व्याण्णव. कपाळाला मात्र चटका बसत होता.

"जाऊन येऊया का गं?"

"शंभर झालाय का? नाही ना? मग कशाला!"

सकाळी सई पेज घेऊन आली. आईचे ओठ सुकले होते, ती भलतंच काहीतरी पुटपुटत होती. सईनं थर्मामीटर लावला आणि ती ओरडलीच, "बाबा, थर्टी नाइन पॉइंट एट!"

"नव्व्याण्णव गं."

"नव्व्याण्णव नाही, एकोणचाळीस! हा सेल्सिअस दाखवतोय. आईला एकशे तीनच्या वर ताप आहे!"

विद्याधररावांनी पुन्हा डोळे ताणले. ज्या पहिल्या आकड्याला ते कालपासून नऊ समजत होते तो तीन होता.

इन्फेक्शन रक्तात पसरलं होतं. कुंदाताई आयसीयूतून बाहेर आल्या तेव्हा त्यांना उठून बसवायलाही दोन माणसं लागत होती. पुढची केमो लांबणीवर पडली. सई म्हणत राहिली, सेटिंग मीच बघायला हवं होतं.

वॉर्डात दोघंच असताना ते म्हणाले, "कुंदा, माझ्या डोळ्यांनी घात केला."

कुंदाताईंनी नजर छताकडे वळवली.

"मला कळत होतं हो. आत नुसती आग होत होती. पण तुम्ही नव्व्याण्णव म्हणालात आणि मला इतकं बरं वाटलं. परत हॉस्पिटलात यायचं नव्हतं मला. म्हणून गप्प राहिले."

विद्याधररावांना क्षणभर राग आला. मग त्यांनी तिचा सलाइननं सुजलेला हात सावकाश उचलून आपल्या मांडीवर घेतला.

"पुन्हा असं करू नकोस," ते म्हणाले.

तिनं हो म्हटलं नाही.