उशीत न सापडलेला राग

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. आता चपटी झाले आहे, पण तसे कुणी हिणवले तरी मी रागावत नाही. इतरांचे राग ऐकता ऐकता माझा स्वतःचा कुठे हरवला, कळलेच नाही.

माझा जन्म गादीवाल्याच्या दुकानात झाला. त्याने कापूस असा पिंजला, की दुकानात ढग उतरल्यासारखे वाटले. मग तो कापूस मूठमूठ खोळीत भरून त्याने माझे तोंड शिवून टाकले. त्या पांढऱ्या दिवसाची मला अजून स्वप्ने पडतात.

मी आले त्या घरी एक ताई होती आणि तिचा पाच वर्षांचा भाऊ. तो सतत ताईभोवती गुणगुणत फिरायचा, म्हणून सगळे त्याला भुंगा म्हणत. आईचा एक नियम होता. राग आला की हात उचलायचा नाही, उशीत तोंड खुपसून हवे ते बोलायचे. "उशी कुणाला सांगत नाही," असे ती म्हणायची. ते खरेच आहे. बाबा एकदा त्यांच्या साहेबांबद्दल जे बोलले, ते मी अजून पोटात ठेवले आहे.

एका दुपारी भुंग्याने ताईच्या नकाशातल्या समुद्रात लाल मासे काढले. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने हात उचलला नाही. ती धावत माझ्याकडे आली आणि ओरडली, "मला भाऊ नकोच आहे!"

तिचा राग उतरला. ती नवा नकाशा काढायला बसली आणि सगळे विसरूनही गेली. पण भुंगा दाराशी उभा होता.

त्याचे गुणगुणणे बंद झाले. तो भिंतीच्या कडेने चालू लागला. ताईने विचारले, आईने कपाळाला हात लावून ताप पाहिला, पण कुणाला काही कळेना. मला कारण ठाऊक होते, पण माझ्या तोंडाला टाके! मला फार वाईट वाटले.

तिसऱ्या दिवशी दुपारी भुंग्याने आईच्या कात्रीने माझी शिवण उसवली. तो कापूस काढायचा, बोटांनी पिंजून बघायचा, बाजूला ठेवायचा. खिडकीतल्या उन्हात माझे तंतू तरंगू लागले. मी पुन्हा ढग होते आहे, असे मला वाटले.

तेवढ्यात ताई आली. "अरे, हा काय पसारा मांडलायस?"

भुंगा वर न बघता म्हणाला, "तुला भाऊ नको, ते तू हिच्यात बोललीस ना? ते काढून टाकतोय. सगळा कापूस बघितला गं ताई. सापडतच नाहीये."

ताई त्याच्याजवळ कापसातच बसली. तिला रडू कोसळले. "ते हिच्यात नाही रे राजा, तुझ्या कानात गेलं. चुकलंच माझं. मला भाऊ हवाय, आणि तो हाच हवाय."

"मासे काढले तरी?"

"मासे काढलेस तरी. पण पुढच्या वेळी विचारून काढ."

मग दोघांनी मिळून मला भरले. जरा वेडीवाकडीच भरले. कापूस भरता भरता भुंगा हळूच गुणगुणू लागला.

मित्रांनो, राग आला तर आमच्याकडे खुशाल या. आम्ही उशा सगळे ऐकून घेतो. पण राग उतरला की तिथेच थांबू नका. उठा आणि तुमच्या धाकट्याला शोधा. तुम्ही विसरून गेलेला शब्द तो कदाचित अजून एकटाच शोधत बसला असेल.